तोंडातला फोड दुखत नाही? मग तो अंगावर काढू नका!

‘उष्णता झाली’ म्हणून सोडून दिलेल्या व्रणामागे गुप्तरोग असू शकतो. सरकारी रुग्णालयात तपासणी आणि उपचार मोफत

बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावात कुठल्याही मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहिलं, तरी एक वाक्य हमखास कानावर पडतं. “तोंड आलंय, काहीतरी द्या.” दुकानदार बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडात लावायचं जेल काढून देतो. घरी आजी जाईचा पाला चघळायला सांगते, कुणी सब्जाचं पाणी देतं, कुणी गुलकंद. चार-आठ दिवसांत फोड बसतो आणि विषय संपतो.

बहुतेक वेळा हे एवढंच असतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण काही थोड्या लोकांच्या बाबतीत फोड बसतो, विषय मात्र संपत नाही. कारण तो फोड उष्णतेचा नसतो. लैंगिक संबंधातून आलेल्या आजाराची ती पहिली खूण असते. अशा आजारांच्या खुणा फक्त गुप्तांगावर दिसतात, असा समज गावोगावी आहे. प्रत्यक्षात ओठ, जीभ, हिरड्या, टाळू आणि घसा इथेही त्या दिसू शकतात. मुख्य अडचण अशी की, यातला सर्वांत फसवा व्रण दुखत नाही आणि औषध न घेताही भरून येतो. त्यामुळे माणूस बरा झालो असं समजतो आणि आजार शरीरात तसाच राहतो.

‘उष्णता’ आणि ‘गरमी’

आपल्याकडे तोंड आलं की ‘उष्णता झाली’ म्हणतात. सिफिलिस या गुप्तरोगालाही जुनी माणसं ‘गरमी’ म्हणत आली आहेत. पुस्तकी मराठीत त्याला उपदंश म्हणतात. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात ‘फिरंगरोग’ नावाने या आजाराचं वर्णन आहे. फिरंगी लोकांबरोबर तो इकडे आला, अशी तेव्हाची समजूत होती.

नावं जवळची असली तरी दोन्ही गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत. सिफिलिस हा खाण्यापिण्याने किंवा उन्हाने होत नाही. तो एका जंतूमुळे होतो आणि हा जंतू १९०५ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढला. जंतूचा आजार थंड पदार्थ खाऊन जात नाही. त्याला योग्य औषधच लागतं.

आधी हे समजून घ्या : बहुतेक फोड साधेच असतात

गालाच्या आत, जिभेच्या कडेला किंवा ओठाच्या आतल्या बाजूला येणारा, मध्ये पिवळसर-पांढरा आणि भोवती लाल कड असलेला छोटा फोड चांगलाच झोंबतो. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतं. हा साधा फोड असतो. जागरण, ताण, पोटाच्या तक्रारी, लोह किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, दाताची टोकदार कड लागणं अशी त्याची कारणं असतात. तो आठ-पंधरा दिवसांत बसतो आणि एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. त्यामुळे तोंड आलेल्या प्रत्येक माणसाकडे संशयाने पाहणं चुकीचं आहे.

दुसरी बाब तंबाखूची. आपल्या भागात मिश्री, गुटखा, खर्रा, चुना-तंबाखूची गोळी यांमुळे तोंडात पांढरे किंवा लाल चट्टे पडतात, तोंड पूर्ण उघडत नाही, जखम भरत नाही. ही कर्करोगाची पूर्वसूचना असू शकते. म्हणून डॉक्टर एक सोपा नियम सांगतात : तोंडातला कोणताही व्रण किंवा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर तो दाखवायचाच. कारण कोणतंही असो, नियम तोच.

न दुखणारा व्रण : सिफिलिस

हा नियम सिफिलिसच्या बाबतीत मात्र पुरा पडत नाही, कारण त्याचा व्रण आपोआप जातो. म्हणून त्याची चाल समजून घेणं गरजेचं आहे.

सिफिलिस झालेल्या व्यक्तीशी संबंध आल्यावर साधारण तीन आठवड्यांनी, कधी दहा दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनी, जंतू जिथून शिरला त्या जागी एक व्रण उठतो. मुखमैथुनातून संसर्ग झाला असेल, तर तो ओठावर, जिभेवर किंवा घशाशी टॉन्सिलजवळ येतो. बहुतेक वेळा तो एकच असतो. कडा कडक, बोटाला गुंडीसारखी लागते. जबड्याखाली किंवा मानेला गाठ येते. एवढं सगळं होऊनही तो सहसा दुखत नाही. जेवताना त्रास नसल्याने माणूस तिकडे लक्षही देत नाही. तीन ते सहा आठवड्यांत व्रण भरून येतो.

काही आठवड्यांनी दुसरा टप्पा सुरू होतो. तोवर जंतू रक्तातून अंगभर पसरलेला असतो. अंगावर, विशेषतः तळहात आणि तळपायावर तांबूस पुरळ येतं, आणि त्याला सहसा खाज नसते. बारीक ताप, अंगदुखी, घसा बसणं, केस ठिकठिकाणी विरळ होणं असं होतं. तोंडात करडे-पांढरे, ओलसर चट्टे येतात. भिंतीवरून गोगलगाय गेल्यावर जसा चकाकता माग राहतो, तशा वेड्यावाकड्या रेषेत ते पसरलेले दिसू शकतात. या चट्ट्यांमध्ये जंतू भरपूर असतात, त्यामुळे या काळात दुसऱ्याला लागण होण्याचा धोका मोठा असतो. हेसुद्धा सगळं औषधाविना नाहीसं होतं.

त्यानंतर आजार गप्प बसतो. वर्षानुवर्षं एकही खूण दिसत नाही, फक्त रक्ताच्या तपासणीत तो सापडतो. उपचार न घेतलेल्या काही रुग्णांमध्ये अनेक वर्षांनी तो हृदयाजवळची मुख्य रक्तवाहिनी, मेंदू, डोळे, हाडं यांवर उलटतो. टाळूला गाठ होऊन ती फुटते आणि टाळूला भोक पडतं, पाणी प्यायलं तर नाकातून येतं. आता इतकी गंभीर अवस्था क्वचित दिसते, कारण औषध आहे. पण औषध त्यालाच मिळतं जो तपासून घेतो.

दह्यासारखे पांढरे चट्टे : एचआयव्ही

भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ साली चेन्नईत आढळले. तेव्हापासून डॉक्टरांना रुग्णाच्या तोंडाने बरंच काही सांगितलं आहे. एचआयव्हीचा विषाणू शरीराची प्रतिकारशक्ती हळूहळू कमी करतो आणि ती कमी झाल्याची खूण अनेकदा आधी तोंडात दिसते.

सर्वांत जास्त आढळते ती बुरशी. जिभेवर, टाळूवर, गालाच्या आत दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर बसतात. कापसाने पुसले तर निघतात आणि खाली लालभडक, झोंबणारी जागा दिसते. गिळताना दुखत असेल, तर बुरशी अन्ननलिकेपर्यंत गेलेली असू शकते. दुसरी खूण म्हणजे जिभेच्या कडांना उभ्या रेषांचे, किंचित केसाळ दिसणारे पांढरे पट्टे. ते पुसून निघत नाहीत. याशिवाय ओठांचे कोपरे सतत चिरणं, हिरड्या लाल होऊन रक्त येणं, मोठे फोड पुन्हा पुन्हा येणं हेही होतं.

पण यातली एकही खूण एकटीने एचआयव्ही सिद्ध करत नाही. तशीच बुरशी मधुमेहात होते, दम्याचा पंप घेऊन चूळ न भरल्यास होते, जास्त अँटिबायोटिक घेतल्यावर होते, कवळी स्वच्छ न ठेवल्यास होते आणि तान्ह्या बाळालाही होते. म्हणून मोठ्या माणसाला कारण नसताना बुरशी झाली किंवा बरी होऊन पुन्हा झाली, तर साखर आणि एचआयव्ही या दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात.

ओठावरचे पाणीदार फोड : हर्पिस

ओठाच्या कडेला आधी चुणचुण होते, मग पाण्याने भरलेले बारीक फोड झुबक्याने येतात, फुटतात, खपली धरतात आणि आठ-दहा दिवसांत जातात. ताप, ऊन किंवा थकवा आला की पुन्हा उठतात. गावात यालाही कुणी ‘नागीण’ म्हणतं, पण अंगावर पट्ट्यासारखी उठणारी नागीण वेगळ्या विषाणूची असते.

ओठावरचं हर्पिस जगभरात कोट्यवधी लोकांना असतं आणि ते बहुतेकांना लहानपणीच घरातल्यांनी मुका घेतल्याने लागलेलं असतं. म्हणून ओठावर असे फोड दिसले की त्या माणसाचं वागणं वाईट, असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं ठरेल. मात्र फोड ओले असताना लहान बाळाचा मुका घेऊ नये आणि मुखमैथुन टाळावं, कारण त्यातून जोडीदाराच्या गुप्तांगाला हर्पिस होऊ शकतं. हा विषाणू शरीरातून कायमचा जात नाही, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या लवकर सुरू केल्या तर त्रास कमी होतो.

घशातला परमा आणि चामखिळी

परमा म्हणजे गनोरिया. तो घशातही राहतो. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. काहींचा घसा लाल होतो, दुखतो आणि ते सर्दी-पडशाच्या गोळ्या घेतात. तो ओळखायला घशातला नमुना घ्यावा लागतो. या जंतूवर अनेक जुनी औषधं आता चालत नाहीत, त्यामुळे मेडिकलमधून मनाने घेतलेल्या अँटिबायोटिकने तो बरा होईलच असं नाही.

एचपीव्ही या विषाणूमुळे ओठावर किंवा तोंडात फुलकोबीसारख्या दिसणाऱ्या, न दुखणाऱ्या चामखिळी येऊ शकतात. या विषाणूचे काही प्रकार घशाच्या आणि स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरतात. त्यावर लस आहे. पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या देशी लशीला २०२२ साली परवानगी मिळाली. वयाच्या ९ ते १४ वर्षांत, म्हणजे संसर्गाची शक्यता येण्याआधी घेतल्यास ती सर्वांत जास्त उपयोगी पडते.

कशाने पसरतं, कशाने नाही

या आजारांविषयी भीती चुकीच्या जागी आणि निष्काळजीपणाही चुकीच्या जागी, अशी स्थिती आहे. एका ताटात जेवल्याने, एका तांब्याने पाणी प्यायल्याने, एकच संडास वापरल्याने किंवा डास चावल्याने एचआयव्ही वा सिफिलिस होत नाही. एचआयव्ही लाळेतून पसरत नाही. त्यामुळे घरातल्या रुग्णाचं ताट-वाटी वेगळं ठेवण्याला काही आधार नाही, त्याने फक्त माणूस तुटतो.

उलट ‘तोंडाने केलं तर काही होत नाही’ हा समज धोक्याचा आहे. मुखमैथुनातून एचआयव्ही लागण्याची शक्यता कमी असली, तरी सिफिलिस, परमा, हर्पिस आणि एचपीव्ही सहज लागू शकतात. तोंडात जखम असेल तर धोका आणखी वाढतो. निरोध वापरल्याने तो बराच कमी होतो. सिफिलिसच्या ओल्या व्रणाचं तोंड असताना चुंबनातूनही लागण होऊ शकते.

तपासणी कुठे करायची?

रक्ताच्या साध्या तपासणीत सिफिलिस कळतो. व्हीडीआरएल किंवा आरपीआर अशी त्या तपासणीची नावं आहेत. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत एचआयव्हीसाठी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असतं. लोक त्याला आयसीटीसी म्हणून ओळखतात. तिथे तपासणी मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात आणि अहवाल गुप्त ठेवला जातो. लैंगिक आजारांच्या तपासणी-उपचारासाठी सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ चालवली जातात. नेमकं कुठे जायचं हे कळत नसेल, तर राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा १०९७ हा टोल फ्री क्रमांक आहे.

‘गावात कळेल’ ही भीती सर्वांत मोठी असते. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार रुग्णाच्या संमतीशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही, कायद्याने सांगितलेले अपवाद सोडता संमतीशिवाय त्याची माहिती दुसऱ्याला देता येत नाही आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार किंवा नोकरी नाकारून भेदभाव करता येत नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवायची. संबंधानंतर लगेच केलेली तपासणी निर्दोष आली, म्हणजे प्रश्न मिटला असं नसतं. सिफिलिसचा व्रण अगदी नवा असताना रक्तात तो न दिसण्याची शक्यता असते. एचआयव्हीच्या बाबतीतही तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करायला सांगतात. डॉक्टरांनी परत बोलावलं तर जायचंच.

उपचार आहे, आणि तो जुनाच आहे

१९४३ साली अमेरिकेत सिफिलिसच्या रुग्णांना पहिल्यांदा पेनिसिलिन दिलं गेलं. ऐंशी वर्षं उलटली तरी हेच औषध आजही सर्वांत खात्रीचं आहे. आजार नवा असेल तर २४ लाख युनिटची लांबणीची सुई कमरेत एकदा देतात. आजार जुना असेल तर दर आठवड्याला एक अशा तीन सुया लागतात. पेनिसिलिन सोसत नसेल, तर ते आधीच सांगावं, डॉक्टर दुसरं औषध देतात. सुई घेतल्यावर पहिल्या दिवशी थंडी-ताप, अंगदुखी होऊ शकते. त्याला घाबरून उपचार सोडू नये. काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून आजार गेल्याची खात्री करतात.

एचआयव्ही पूर्णपणे जात नाही, पण त्यावरची एआरटी औषधं सरकारी केंद्रातून मोफत मिळतात. ती रोज, न चुकता घेतली तर माणूस जवळपास सामान्य आयुष्य जगतो आणि विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी राहिला तर तो संबंधातून जोडीदाराला लागत नाही.

उपचार मात्र दोघांचा व्हायला हवा. नवऱ्याने सुई घेतली आणि बायकोला काही सांगितलंच नाही, तर तिच्याकडून त्याला आणि त्याच्याकडून तिला, असा आजार फिरत राहतो. अनेक घरांत बाईच्या तोंडात किंवा अंगावर खूण दिसली की बोट तिच्याकडेच दाखवलं जातं. लग्नाशिवाय कुठेही संबंध नसलेल्या बाईलाही नवऱ्याकडून आजार लागू शकतो. तपासणी दोष ठरवायला करत नाहीत, औषध ठरवायला करतात.

बाळाच्या दातांवर उमटणारी खूण

आजार अंगावर काढण्याची सर्वांत मोठी किंमत कधी कधी मूल मोजतं. गरोदर बाईला सिफिलिस असेल आणि उपचार झाला नाही, तर गर्भपात होऊ शकतो, मूल पोटातच दगावू शकतं किंवा आजार घेऊन जन्माला येऊ शकतं. यातल्या काही मुलांमध्ये सहा-सात वर्षांनी कायमचे दात येतात, तेव्हा वरचे पुढचे दात खाली निमुळते आणि मध्ये खाच पडलेले असतात. दाढांवर तुतीच्या फळासारखे उंचवटे असतात. त्याच मुलांमध्ये पुढे डोळ्यांचे आणि ऐकण्याचे दोषही आढळतात. कधीकाळी न दुखलेल्या, आपोआप भरून आलेल्या व्रणाची खूण पुढच्या पिढीच्या तोंडात अशी दिसते.

हे टाळणं अवघड नाही. गरोदरपणात नाव नोंदवल्यावर होणाऱ्या रक्त तपासण्यांत एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही असतात. पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवून त्या करून घेतल्या आणि आजार निघाल्यास वेळेवर उपचार घेतला, तर बाळ वाचवता येतं. आशाताई नोंदणीचा आग्रह धरतात, त्याचं हेही एक कारण आहे. तपासणीला नवऱ्यानेही सोबत जावं.

लक्षात ठेवा

• झोंबणारा, आठ-पंधरा दिवसांत बसणारा छोटा फोड बहुतेक वेळा साधा असतो.
• न दुखणारा, कडक कडेचा व्रण आणि जबड्याखाली गाठ असेल, तर व्रण भरून आला तरी रक्त तपासा.
• तळहात-तळपायावर न खाजणारं पुरळ आणि तोंडात करडे चट्टे एकाच वेळी दिसले, तर त्याच आठवड्यात दवाखान्यात जा.
• कारणाशिवाय तोंडात बुरशी होत असेल, तर साखर आणि एचआयव्ही दोन्ही तपासा.
• दोन आठवडे न भरणारी जखम दाखवाच. तंबाखू खाणाऱ्यांनी तर एक दिवसही उशीर करू नये.
• मेडिकलमधून मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. भिंतीवरच्या ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका.
• डॉक्टरांना, दातांच्या डॉक्टरांनाही, संबंधांबद्दल खरं सांगा. तोंड पाहून अंदाज येतो, खात्री मात्र रक्त तपासूनच होते.

तोंड आलं तर जाईचा पाला जरूर चघळा, सब्जाही प्या. पण फोड दुखतच नसेल, तर एकदा रक्त तपासून घ्या. त्यासाठी सरकारी रुग्णालयात पैसे लागत नाहीत.